गढीच्या पुस्तकावरचं मत

मी हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही. शहाद्याला मास्तरकी करत असताना एका पुस्तकाचा शेवट मी एका माणसाला सांगितला. सावकाश, शब्द निवडून, कालच वाचून संपवल्यासारखा सांगितला. तो शेवट मी वाचलेला नव्हता. त्या माणसाने मात्र माझ्या सांगण्यावर भर उन्हाळ्यात शहादा ते प्रकाशा अशी पायपीट सुरू केली, आणि मी ती नुसती बघत राहिलो. न बोलणं हा माझा स्वभावच आहे असं लोक म्हणतात. त्यातला स्वभाव किती आणि भ्याडपणा किती, हे मला एकट्याला ठाऊक आहे.

त्या माणसाला सगळं गाव आप्पा म्हणे. मीही तेवढंच म्हणतो.

आप्पा चांगल्या खात्यापित्या शेतकरी घरातले. थोरला भाऊ शेती पाही आणि आप्पा वाचनालय चालवत. वाचनालय हा शब्द जरा मोठाच झाला. गावाबाहेर कापसाची सरकी काढायच्या जिनच्या आवारात कापूस तोलायची एक जुनी खोली होती. नवा काटा आल्यावर ती रिकामी पडली, आणि आप्पांनी मालकाकडून ती मागून घेतली. आत दोन कपाटं होती. जुना काटा हलवायला जड म्हणून तिथेच राहिला होता. त्याच्या फळीवर गोधडी अंथरून आप्पा दिवसभर बसत. ते उठले की वरची दांडी हलून कर्र असा आवाज होई. तो आवाज फार क्वचित ऐकू येई, कारण पुस्तकांच्या बाबतीत आप्पा कोणासाठी उठत नसत.

वर्गणी नव्हती. फक्त एकच अट होती. घेतलेलं पुस्तक परत करताना पायरीवर उभं राहून त्यावरचं आपलं मत मोठ्याने सांगायचं. मत दिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळायचं नाही. मत सुरू होण्याआधी आप्पा खुंटीवरची काळी टोपी काढून डोक्यावर घालत आणि मत संपलं की परत खुंटीला अडकवत. पायरीवर मामलेदार कचेरीतला माणूस असो की जिनमधला हमाल, टोपी चढायचीच.

‘बरं आहे’ हे मत त्यांना चालत नसे. एकदा एका पोराने तसं म्हटलं, तर आप्पा म्हणाले, “बरं शे म्हणजे काय रे? ताप उतरना का तुना?”

माझी गत त्याहून वाईट झाली. मी धुळ्याला शिकलेला, नवा नवा मास्तर. पहिलं पुस्तक परत करताना रात्रभर पाठ केलेलं वाक्य मी म्हणून दाखवलं, “भाषा प्रौढ आणि प्रवाही असून बोध उत्तम आहे.”

आप्पांनी टोपीखालून माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, हाई तं पुस्तकना मागला पानवर छापेल शे. तुम्हले काय वाटनं?”

मला काय वाटलं होतं? शेवटी मी म्हणालो, “मधे थोडा कंटाळा आला.” आप्पांचा चेहरा असा उजळला, की जणू मी त्यांना लग्नाचं आमंत्रण दिलं. “आते कसं! कोठे उना कंटाळा? कोनता पानवर?”

कापसाच्या हंगामात तर मत देणं म्हणजे दिव्यच. जिन चालू झालं की त्या धडधडाटात हळू बोललेलं ऐकूच येत नसे. मग पायरीवरून ओरडून मत द्यायचं. सगळ्या आवाराला ते ऐकू जाई आणि गाठोडी वाहणारे हमाल वाहता वाहता त्यावर आपलं मत देत. त्यांच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, पण वाचनालयातल्या सगळ्या कादंबऱ्या त्यांना मतांवरून पाठ होत्या. पुस्तकांवर कापसाची लव बसलेली असे. आप्पा ती फुंकून मगच पुस्तक हातात देत.

परत आलेलं पुस्तक ते आधी नाकाशी नेत. “हाई चुलापान वाचेल शे. मेथीनी भाजी व्हती त्या दिन.” मग अंगठ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत पानांच्या कडा सोडत, पानवाला विड्याची पानं चाळतो तशा. पान दुमडलेलं सापडलं की त्या माणसाला महिनाभर पायरी बंद. पुस्तकाला चाकू, सुई, काडी काहीही लावायचं नाही, हा त्यांचा कडक नियम होता. दुसरा नियम म्हणजे मत देताना शेवट फोडायचा नाही. पुढच्या वाचकाचा घास काढून घेऊ नये, असं ते म्हणत. हे नियम सांगताना आप्पा शुद्ध पुस्तकी मराठीत बोलत, आणि कोणी ते मोडले की अहिराणीत शिव्या देत.

त्यांचं स्वतःचं मत मात्र कोणी कधी ऐकलं नाही. विचारलं तर म्हणत, “मी कपाट शे.”

आता ते पुस्तक. त्याचं नाव कोणी घेत नसे. सगळे त्याला गढीनं पुस्तक म्हणत. एका लहानशा छापखान्यात छापलेली, स्वस्त बांधणीची कादंबरी. पेशवाईच्या उतरत्या काळातली गोष्ट. गावापासून लांब, नदीकाठच्या मळ्यात एका सरदाराची गढी एकटी उभी आहे. पेंढारी येताहेत अशी आवई उठते आणि दारं बंद होतात. त्याच संध्याकाळी बाहेरून कोणी बाई कडी वाजवते. आतली माणसं समजतात, हा पेंढाऱ्यांचा डाव. कोणी दार उघडत नाही. सकाळी नदीत बाईचं प्रेत सापडतं. ती कोण, हे लेखक सांगत नाही. त्यानंतर रोज दिवेलागणीला गढीची कडी वाजते, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती तशीच वाजत राहते.

या पुस्तकावर जेवढी मतं पडली तेवढी कुठल्याच पुस्तकावर पडली नाहीत.

एक शेतकरी पायरीवर उभा राहून ओरडला, “आप्पा, भूत शे ना ती? मंग कडी काब्रं वाजाडस? भिंतमाईन येवाले काय व्हयनं तिले?”

“अरे, भूतले बी काही रीत ऱ्हास!” गाठोड्याखालून एक हमाल म्हणाला, आणि आवारभर हशा पिकला. शेतकरी चिडला. “तू वाचेल शे का?” “तू वाचीसन काय दिवे लाया?”

जिनचे मुनीम गुजरात्यांपैकी. कापूस सोडून त्यांना दुसरं काही दिसत नसे. त्यांचं मत असं पडलं, “एवढी मोटी गढी, एवढी माणसं, पण कोई काम ज नथी करत! अरे भाई, भीत बसलात ते ठीक, पण मळ्यात कापूस कोण वेचतं?” आप्पांनी मान डोलावली. हा प्रश्न आधी कोणी विचारला नव्हता.

धडगावकडून बाजाराला डिंक घेऊन येणारा एक पावरा आदिवासी मनुष्य होता. लोक कशाला हसतात, असं त्याने एकदा विचारलं, तर आप्पांनी त्याला बसवून घेतलं आणि बाजारामागून बाजार करत ते पुस्तक वाचून दाखवलं. कडी पुन्हा वाजते आणि गढीतला म्हातारा उठून बसतो, तिथे येऊन आप्पांनी पुस्तक मिटलं. “शेवट फोडायचा नाही,” म्हणाले. तो बिचारा मान डोलावून उठला. पायरीवर उभा राहून मोडक्या बाजारबोलीत त्याने मत दिलं, “कोनी तिला विचारलाच नाय, बाई, तुला काय पायजे? आमच्याकडं पयला विचारतात. खायला ठेवतात, मग विचारतात.” त्या दिवशी हमालांपैकी कोणी चेष्टा केली नाही.

बायका पुस्तकं नेत त्या घरच्या पुरुषांच्या हातून. पण नवऱ्याने आणलेलं बायकोचं मत आप्पांना चालत नसे. ज्याने वाचलं त्यानेच बोलायचं. म्हणून ते स्वतः टोपी खिशात घालून त्या घरी जात, बंद दाराबाहेर उभे राहून टोपी घालत, आणि दाराआडून बाई बोले ते ऐकून घेत. याचं गावाला हसू येई, पण घरोघरच्या म्हाताऱ्यांनीसुद्धा हरकत घेतली नाही, कारण आप्पा दाराकडे पाठ करून उभे राहत.

एका दुपारी मी शाळेतून येताना आप्पा असेच एका गुजर शेतकऱ्याच्या दाराशी उभे होते. आतून तरुण सुनेचा आवाज आला. “आप्पा, सगळा लोके तिले भूत भूत करी ऱ्हायनात. मले नही वाटत. ती माहेरले येल शे. परकी बाई कडी वाजाडीसन चालनी जास. इतली वरिसं कोन थांबस?”

मी ‘आणखी?’ हा आप्पांचा नेहमीचा प्रश्न ऐकायला थांबलो होतो. तो आलाच नाही. आप्पा डोक्यावरची टोपी तशीच ठेवून, पुस्तक न घेताच, भर उन्हात चालू लागले. पुस्तक नंतर मी नेऊन दिलं, आणि परत करायच्या निमित्ताने मीच ते मागून घेतलं.

वाचत वाचत मी त्याच जागी आलो. कडी वाजते, म्हातारा उठून बसतो. पुढची पानं उलटेनात. बांधणाऱ्याच्या चुकीने शेवटच्या पानांच्या कडा कापायच्याच राहिल्या होत्या. पानं वरून एकमेकांना जोडलेली होती. आतलं वाचायचं तर त्यांना पातं लावायला हवं होतं, आणि पातं लावायला बंदी.

मला हसू आलं ते आठवतं. शेतकरी, मुनीम, गुजरांची सून, गावातले इतके वाचक, कोणीच शेवट वाचलेला नव्हता! शेवट फोडायचा नाही, या नियमाआड प्रत्येकजण सुखाने लपला होता. ही गंमत मी दुसऱ्या दिवशी पायरीवर सांगायला हवी होती. आप्पा हसले असते, हमाल हसले असते. पण मग मीही शेवट वाचला नाही हे उघड झालं असतं. मी मास्तर होतो. मी पायरीवर उभा राहिलो आणि पुरतं पुस्तक वाचलेल्या माणसाच्या थाटात मत दिलं. चांगलं दिलं. शेतकऱ्याची शंका घेतली, त्या डिंकवाल्याचा प्रश्न घेतला, सुनेचं माहेर घेतलं. सगळं इकडून तिकडून वेचलेलं होतं.

आप्पांनी पुस्तक नाकाशी नेलं, कडांवरून अंगठा फिरवला. शेवटाशी अंगठा किंचित थांबला असं मला वाटलं. मग त्यांनी ते कपाटात ठेवलं, टोपी खुंटीला लावली, आणि म्हणाले, “मास्तर, बठा.”

हंगाम संपला होता. जिन बंद होतं, आवारात कोणी नव्हतं. आप्पांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. मोठ्या लढाईनंतर तापाची साथ आली त्या वर्षी त्यांची धाकटी बहीण प्रकाशाहून, सासरहून, संध्याकाळची दाराशी आली. तिचा नवरा तापाने गेला होता आणि तिलाही ताप होता. घरात म्हातारी आई, थोरल्याची लहान मुलं. आप्पांनी दार उघडलं नाही.

“मन्हा हात कडीवर व्हता,” ते म्हणाले. “मी आतून सांगं, शेतमानी झोपडीमा जाय, सकायले भाकर लई येसू. सकायले लई गऊ. झोपडीमा कोनीच नही व्हतं.” ती रातोरात परत सासरी गेली होती आणि तिथेच वारली. मागे तिची तान्ही मुलगी राहिली. ती काकांकडे वाढली, लग्न होऊन प्रकाशातच नांदत होती. आप्पांनी भाचीचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. हिंमतच झाली नव्हती.

मग त्यांनी विचारलं, “मास्तर, तुम्हीनी पुरं वाचं ना? शेवटले दार उघाडतस का ते?”

‘मला माहीत नाही’ म्हणायला एक क्षण पुरला असता. मी त्यांच्यावर दया म्हणून खोटं बोललो असतो तर आज एवढं लागलं नसतं. मी पकडला जाईन म्हणून बोललो.

“उघडतात,” मी म्हणालो. “म्हातारा उठून कडी काढतो. ती आत येत नाही. उंबऱ्याशी पाणी मागते. पिते, आणि दार असंच उघडं ठेवा म्हणून निघून जाते.”

आप्पांनी फळीवरची गोधडी सारखी केली. मग म्हणाले, “पानी मांगस?”

“हो.”

पुढच्या सोमवारी ते प्रकाशाला निघाले. गाडी घ्या म्हटलं तर नको म्हणाले, बहीन बी पायीच उन्ही व्हती. भाचीच्या दाराशी जाऊन त्यांनी नाव सांगितलं. आतून आवाज आला, “आठे कोनी नही.” आप्पा ओट्यावर दिवस कलेपर्यंत बसले आणि चालत परत आले. पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. मग दर सोमवारी. गावात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणे प्रकाशाच्या केदारेश्वराला नवस असेल. हमाल मला विचारत, “मास्तर, आप्पाले काय व्हयनं?” मी म्हणे, “काय की.”

ऐन वैशाखात एका सोमवारी हमालांनी त्यांना बैलगाडीतून आणलं. वाटेत उन्हाने चक्कर येऊन पडले होते. आम्ही त्यांना त्या काट्याच्या फळीवर निजवलं. मी कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला आणि डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. बाकीचे पाणी आणायला गेले तेव्हा आप्पांनी डोळे उघडले.

“आज नही, पन एक दिन ती उघाडी, मास्तर. वखत लागी. पुस्तकमा बी लागना व्हई, नही का?”

आता तरी बोलावं, असं वाटलं. मी म्हणालो, “हो, लागतो वेळ. बरीच पानं लागतात.”

ही माझी दुसरी वेळ. पहिल्या खोट्याला माझ्याकडे भीतीची सबब होती. दुसऱ्याला काहीच नाही.

आप्पा बरे झाले आणि पुन्हा जाऊ लागले. पावसाळा आला. तापीला पाणी चढलं, वाटेवर गुडघाभर चिखल झाला. धोतर वर खोचून, छत्रीऐवजी घोंगडी घेऊन ते जातच राहिले. वाचनालय सोमवारी बंद ठेवायचं म्हणून त्यांनी रविवारी दुपटीने मतं ऐकायला सुरुवात केली. त्यांच्या मतं ऐकण्यात काही फरक पडला नव्हता. तेवढाच उत्साह, तेवढीच कटकट. “आजून सांग. हाई तं अर्धंच मत शे.” दर सोमवारी बंद दारापुढे बसून येणारा माणूस मंगळवारी इतक्या आनंदाने दुसऱ्याचं ऐकून घेऊ शकतो, हे मी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं.

कापूस फुटायला लागला तेव्हाची गोष्ट. एका मंगळवारी मी पायरीशी गेलो तर आप्पा उभे होते. काट्याची दांडी वर गेलेली होती.

“मास्तर, तिनी उंबरावर पानीना तांब्या ठेवा. बोलनी काहीच नही. आत चालनी गयी. पन दार उघाडंच ऱ्हायनं.” मग ते म्हणाले, “आत तिना पोऱ्या रांगी ऱ्हायंता. मी ओट्यावरूनच देखा.”

मला त्यांच्याकडे बघवेना. मी पुस्तकांवरची लव झटकत बसलो.

त्याच वर्षी माझी बदली अक्राणीच्या डोंगरात, धडगावच्या शाळेवर झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा जिन जोरात चालू होतं. आप्पांनी कपाटातून ते पुस्तक काढलं, फुंकलं, एका फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. मग गोधडीखालून बांबूची एक कामटी काढली. घासून घासून तिला पात्यासारखी धार आणली होती. ज्या माणसाने पान दुमडलं म्हणून लोकांना महिनाभर पायरी बंद केली, त्याने ती कामटी माझ्या तळहातावर ठेवली.

“शेवटना पानं कापाना ऱ्हायी जायेल शेत,” ते माझ्या कानाशी वाकून ओरडले. धडधडाटात दुसरा उपाय नव्हता. “तुम्हीनी बी कापं नही व्हतं.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“पुस्तक परत उनं तव्हयच. कोनीच कापं नही व्हतं. मी बी नही.”

“मग मला विचारलंत कशाला?”

“लिखनारानी काय लिखं व्हई ते आत शे. ते कोठे जास? मले माणूसनं मत लेवानं व्हतं.” त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. “ते लिधं नि मी गऊ. आते वाचा नि खरं मत लई या. तोपावत दुसरं पुस्तक नही.”

आप्पा हसत होते. ते मला माफ करत होते असंही नाही. त्यांना माफ करण्यासारखं त्यात काही दिसलंच नव्हतं, असं मला आता वाटतं. ज्याने स्वतः कधी मत दिलं नाही, त्याने माझं एक खोटं मत उचललं, आणि त्याच्यासाठी पायांना फोड येईपर्यंत चालून ते जवळजवळ खरं करून आणलं. मी आयुष्यात बरीच विद्वान माणसं पाहिली. इतकं ऐकून घेणारा दुसरा पाहिला नाही.

मी डोंगरात असतानाच आप्पा गेले. घाट उतरून बातमी वर यायला वेळ लागला. भाची मुलाला घेऊन दहाव्याला आली होती आणि त्या दिवशी आप्पांच्या घराचं दार कोणी लावलं नाही, असं पुढे मुनिमांकडून ऐकलं. वाचनालयाची कपाटं थोरल्या भावाने घरी नेली. काटा मात्र अजून त्याच खोलीत आहे.

पुस्तक माझ्यासोबत धडगावहून तळोद्याला आलं, तिथून नंदुरबारला. कामटी त्यात जिथल्या तिथे आहे, म्हातारा उठून बसतो त्या पानाशी. मी ती काही वेळा हातात घेतली आणि परत ठेवली. आत दार उघडलं नसेल, तर माझं खोटं खोटंच राहील. उघडलं असेल, तर मी सहजासहजी सुटेन, आणि तेही मला नको आहे. पण हे सगळे माझे बहाणे आहेत. आप्पांनी मला सूट दिलेली नव्हती.

एक पुस्तक माझ्याकडून परत जायचं आहे. त्याआधी त्याची पानं कापून ते पुरतं वाचायचं आहे, आणि शहाद्याला जाऊन त्या पायरीवरून माझं मत मोठ्याने द्यायचं आहे.